दिवसाचा उपास

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ज्या माणसानं आषाढीशिवाय एक उपास धरला नाही, आणि आषाढीचाही दिवस कलायच्या आत गुपचूप चिवड्यावर मोडला, त्यानं सदुसष्टाव्या वर्षी दिवसाचं अन्न सोडावं, हे वच्छलाबाईच्या पचनी पडत नव्हतं. तसं तिच्या पचनी आता तांदळाची पेजही पडत नव्हती. पण तो आजार झाला. हा बापूजींचा स्वभाव होता, आणि तो असा एकाएकी बदलावा याचा तिला रागच यायचा.

‘वच्छी बरी होत नाही तोवर, सूर्य हाय तोवर अन्न नाही,’ असा नवस बापूजी मारुतीपुढं बोलले होते, आणि मारुतीच्या पारावर बोललेलं दुपारपर्यंत सगळ्या गावाला माहीत होतं. भेटायला येणाऱ्या बाया आधी बापूजींचं कौतुक करायच्या, मग हिच्या पोटाची चौकशी. कोणाचा नवरा बायकोसाठी उपाशी राहतो, नशीब काढलं माय तुमी, म्हणायच्या. वच्छलाबाई भिंतीला टेकून ऐकून घ्यायची आणि बाया गेल्या की सुनेला म्हणायची, आजार मले झाला अन् पूजा याची होऊन राह्यली.

भाकरीला पाव घंटा उशीर झाला तर ताट सरकवून उठणारा हा माणूस. सकाळी दहाला कोरा चहा पिऊन वावरात जायचा तो दिवस कलल्यावर यायचा, आणि दिवेलागणीला सुनेनं वाढलेलं जेवायचा. पंधरा-वीस दिवस झाले तरी सदऱ्याची तिसरी गुंडी तशीच ताणलेली. इकडं हिच्या पोलक्यांना सून रजनीनं दोनदा शिवण घातली होती. कोणी उपाशी राहिलं अन् कोणी वाळलं, असं ती तोंडावर बोलायची. बापूजी हसायचे, मान खाली घालायचे.

पण आतून तिला ते आवडत होतं. ते तिनं कोणाला सांगितलं नसतं.

आखाडापासून घास छातीखाली अडकायचा. घाटंजीच्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या. यवतमाळला पोटात दुर्बीण घातली, आणि नागपूरच्या दवाखान्यात जठराचा कॅन्सर म्हणून सांगितलं. तिच्यासमोरच सांगितलं, कारण तिनं डॉक्टरला दम भरला होता की पोट माझं आहे, माझ्या पोराच्या कानात काय सांगता. पंधरा-पंधरा दिवसांनी चार डोस, मग ऑपरेशन, मग पुन्हा चार. मुलगा नंदकिशोर पांढरकवड्याला बियाण्याच्या दुकानात कामाला, त्याला रजा मिळेना. म्हणून दसऱ्यानंतरच्या पहिल्या डोसाला बापूजी आणि रजनी दोघं सोबत गेले. दिवसभर सलाईन चाललं. थेंब मोजत मोजत तिला डुलकी लागली.

निघताना नर्सबाईनं बापूजींना आणि रजनीला बाजूला घेऊन काही सूचना दिल्या. वच्छलाबाईला तिनं एकच सांगितलं, थंडाला हात लावायचा नाही, थंड प्यायचं नाही. एवढ्याशा पोरीनं आपल्याला पाणी कसं प्यावं ते शिकवावं म्हणून ती फणकारली. घरी आल्याबरोबर तिनं माठात तांब्या बुडवला. बोटांतून करंट गेल्यासारखा झटका बसला, तांब्या घरभर गडगडत गेला. तरी घोटभर पाणी ओंजळीनं तोंडात टाकलं, तर घसा असा आवळला की जणू कोणी मूठ धरली. त्या दिवसापासून ती चुलीवरचं कोमट पाणी पिऊ लागली. ज्या माठातलं पाणी तिनं आल्यागेल्याला पाजलं, तो माठ तिला परका झाला.

दुसरा राग आला तो रजनीच्या हातमोज्यांचा. उलटीची बादली धुताना, चादरी भिजवताना सून निळे रबरी हातमोजे घालायची, संडासात दोनदा पाणी टाकायची. वच्छलाबाईनं तिला सोडलं नाही.

“मी काय मेलेलं ढोर हावो काय वं? हात लागला तं इटाळ होईन तुले?”

रजनीनं वर पाहिलं नाही. नर्सबाईनं दोन दिवस सांगितलं आहे, औषध कडक आहे, अंगातून बाहेर पडतं, परवा काढून ठेवीन, एवढंच म्हणाली. आणि तिसऱ्या दिवशी खरंच तिनं हातमोजे धुऊन मोरीतल्या खिळ्याला अडकवले, आणि सासूच्या ताटात उरलेला भात तिथंच बसून खाल्ला. वच्छलाबाईनं ते पाहिलं. पण मनात राहिले ते हातमोजे. भात राहिला नाही.

आठव्या दिवशी ती उठून चुलीपाशी बसली. सकाळची भाकर तिची. रजनी या घरात येऊन नऊ वर्षं झाली तरी संध्याकाळचा स्वयंपाक सुनेचा आणि सकाळचा सासूचा, ही वाटणी मोडली नव्हती. पीठ भिजवायला पाणी कोमट करून घेतलं. चार भाकरी थापायला तिला पहिल्यांदा एवढा वेळ लागला, प्रत्येक भाकरीनंतर ती भिंतीला टेकली. पहिली भाकर बापूजींच्या ताटात. बापूजींनी तुकडा मोडला, हातात धरला, पाहिला, आणि परत ठेवला. आजपासून दिवसाचं अन्न सोडतो म्हणाले. वच्छलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं, असं तिनं सुनेला सांगितलं.

दुसऱ्या डोसाच्या आधी केस हातात यायला लागले. पांघरुणावर, पाटावर, पिठात. तोंडात फोड, जिभेला लोखंडाची चव. ती म्हणाली, आता नाही जात, हे रोज थोडं थोडं मरण्यापेक्षा एकदाच मरू द्या. नंदकिशोर फोनवर रडला तरी ती हलली नाही. मग त्या दिवशी दुपारी ओट्यावर बसली असता तिला वाटलं, बारा वाजले, ऊन डोक्यावर आलं, आणि ज्याला भूक कधी सहन झाली नाही तो माणूस माझ्यासाठी वावरात उपाशी उभा आहे. हे वाटलं आणि ती आत जाऊन दवाखान्याची पिशवी भरू लागली. दुसरा डोस तिनं त्याच्या उपाशी पोटाच्या जोरावर घेतला होता.

तिसरा डोस सीतादहीच्या दुसऱ्या दिवशी होता.

कापूस फुटून वावर पांढरं झालं होतं. पहिला वेचा सुरू करायच्या आधी सीतादही करावी लागते. घरच्या बाईच्या हातचा दहीभात वावरातल्या देवाला, मग वेचणाऱ्या बायांना, मग घरच्यांना. हे एकतीस वर्षं वच्छलाबाईनं केलं होतं, सासू गेल्यापासून. रजनी म्हणाली, आई, या वर्षी दही मी कालवते, थंड असते. वच्छलाबाईनं तिला बाजूला हो म्हटलं. दह्याचं गाडगं तिनं पहाटेपासून चुलीच्या ऊबेला ठेवलं होतं. तरी भातात हात घातला तेव्हा नखाखाली सुया टोचल्या. तिनं दात आवळले आणि तळापासून भात कालवला. डोक्याला रुमाल बांधला, वरून पदर घेतला, आणि बैलगाडीत उभी न राहता या वेळी बसून वावरात गेली.

वावराच्या कडेला, धुऱ्याजवळच्या कपाशीच्या जोमदार झाडापाशी सात खडे मांडले, त्यांना चुन्याची आणि कुंकवाची बोटं लावली, पहिल्या बोंडाचा कापूस त्यांच्यावर ठेवला. दहीभात चारी दिशांना शिंपडताना तिनं हात खांद्यापासून फेकला. अकरा बाया ओळीनं उभ्या होत्या. खरं तर तिला त्यांचीच भीती होती. कॅन्सर लागतो, तिच्या हातचं खाऊ नये, असं गावात कोणी ना कोणी बोललंच असेल. सगळ्यांत पुढं झमकीबाई होती, घरच्या सालदार गड्याची, किसनसिंगची बायको, बंजारा तांड्यावरची. तिनं दोन्ही हात जोडून ओंजळ पुढं केली, भात घेतला, तिथंच खाल्ला आणि बोटं चाटली. मग बाकीच्यांनी. एकीनं तर दुसऱ्यांदा मागितला. वच्छलाबाईचा ऊर भरून आला.

शेवटी बापूजी. ते हात जोडून म्हणाले, माझा नवस आहे. वच्छलाबाई म्हणाली, सीतादहीच्या घासानं कोणता नवस मोडत नाही. बायाही हसून म्हणाल्या, घ्या बापूजी, देवाचा आहे. बापूजींनी तळहातावर घास घेतला, कपाळाला लावला आणि बाभळीकडं चालते झाले. उन्हानं तिचे डोळे दिपत होते, तरी तिला दिसलं. बाभळीआड ते वाकले. हात झटकला. मग चिमटीनं माती घेऊन तळहात चोळला, बोटांच्या बेचक्या चोळल्या, पुन्हा माती घेतली, पुन्हा चोळला. शेणाचा हात धुवावा तसा.

तिनं स्वतःला समजावलं, दही चिकटलं असेल.

बाया आपापल्या तासाला, कपाशीच्या ओळींना लागल्या. ती गाडीच्या सावलीत बसली. झमकीबाई कापसाची पहिली ओटी रिकामी करायला आली तेव्हा टेकली जराशी, आणि तांड्यावर आईला म्हणतात तसं याडी म्हणत बोलली.

“याडी, आता जरा चांगल्या दिसून राह्यल्या. सैपाक जमते का आता?”

“जमते म्हंजे? सकाळची भाकर रोज माहीच.”

झमकीबाईचा चेहरा गोंधळला. तिनं कापसाच्या गठ्ठ्याला उगाच गाठ मारली, सोडली. मग म्हणाली, बापूजी तर म्हणत होते, तुमच्यानं चुलीपाशी बसवत नाही, सुनेला वेळ मिळत नाही, नवस घरच्या अन्नाचा आहे, तांड्यावरची भाकर चालते. म्हणून ती रोज दोन भाकरी जास्त थापते, किसनसिंगच्या फडक्यात बांधून देते.

“कवापासून?”

“दसऱ्याच्या मांगून आठ-धा दिवसांनी. तुमाले ठाव नाई काय?”

वच्छलाबाईनं पदर सारखा केला. तिच्या हातांना अजून दह्याचा वास होता.

“ठाव हाय ना,” ती म्हणाली. “मीच सांगतलं त्यायले. ठेचा खाते काय ते?”

“लय आवडते. रोज मांगून घेते.”

झमकीबाई हसून तासाला गेली. वच्छलाबाई बसून राहिली. किसनसिंग अठरा वर्षं या घरचा सालदार. त्याचा पेला गोठ्यातल्या कोनाड्यात, चेपलेला, स्टीलचा. तो तिनंच तिथं ठेवला होता, कारण तिच्या सासूनं आधीच्या सालदाराचा तिथंच ठेवला होता. बापूजी अठरा वर्षांत त्याच्या फडक्यातल्या भाकरीला शिवले नव्हते. तांड्यावर लग्नाला गेले तर सुपारी घेऊन परत यायचे. तो माणूस आता त्याच फडक्यावर रोज जेवत होता. भुकेनं नाही. तिच्या हाताच्या भीतीनं.

 तिनं गाडीच्या चाकाला धरून धुऱ्यावर ओकारी काढली, आणि वर आलेल्या दह्यावर पायानं माती लोटली.

संध्याकाळी घरी तिनं आरडाओरडा केला नाही. रजनी मेथी निवडत होती. तिला विचारलं, मी दुसऱ्या डोसानंतर आठ दिवस निजून होती, तेव्हा सकाळी कोण रांधत होतं. रजनी म्हणाली, मी. मग बापूजी दुपारी जेवत होते काय. रजनीच्या हातातली मेथीची काडी थांबली. तिनं खोटं बोलायचा प्रयत्न केला असता तर जमलं नसतं, तिला ते येतच नव्हतं.

“जेवत होते. मले म्हनले, आईले सांगू नोको, नवस मोडला म्हून तिच्या जिवाले लागन. तुमी उठल्यावर पुन्हा धरला त्यायनं.”

वच्छलाबाईला बोटांवर दिवस मोजावे लागले नाहीत. सगळं आपोआप जुळलं. ती चुलीपाशी बसली की उपास, ती अंथरुणावर पडली की जेवण.

मग तिनं विचारलं, नर्सबाई त्या दिवशी नेमकं काय म्हणाली होती. रजनीनं सांगितलं, दोन दिवस जपायचं, उलटी, लघवी, घाम. नंतर काही नाही. जवळ बसा, एका ताटात जेवा, असंही म्हणाली. बापूजींसमोरच म्हणाली.

वच्छलाबाईनं मोरीतल्या खिळ्याकडं पाहिलं. निळे हातमोजे तिथं वाळत होते, बोटं खाली करून. तिनं सुनेला म्हटलं, सकाळी दवाखान्यात न्यायचा डबा आपल्या दोघींपुरताच बांध. रजनीनं विचारलं, बापूजी. तिनं निवडलेली मेथी टोपलीत लोटली. सासू दवाखान्यात जाते म्हणाली, एवढंच रजनीला पुरलं. तिला भीती वाटत होती ती, आता आई तिसरा डोस घेणार नाही याची.

ती भीती वच्छलाबाईलाही होती. अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं स्वतःला विचारून पाहिलं, ज्याच्या उपाशी पोटासाठी तू गेलतीस ते पोट तर भरलेलं होतं. आता कोणासाठी जातेस.  सकाळी जाग आली तेव्हा तिला भूक लागलेली होती, आखाडानंतर पहिल्यांदाच खरी भूक, आणि तिनं त्या भुकेलाच उत्तर मानलं.

दवाखान्यात न्यायला गाडी आठला येणार होती. तिनं चूल पेटवली, पाणी कोमट केलं, भाकरी थापल्या, झुणका केला. मग गोठ्यात गेली. कोनाड्यातला चेपलेला पेला काढला. किसनसिंग बैलांना कुटार टाकत होता. त्याला म्हणाली, हात धू अन् घरात ये. तो मोठ्याबाई, काय चुकलं म्हणून विचारू लागला. ती म्हणाली, तुझं नाही चुकलं, ये.

पेला तिनं राखेनं घासला, कोमट पाण्यानं. किसनसिंग उंबऱ्याच्या बाहेर उकिडवा बसला तर तिनं त्याला आत बोलावलं, आणखी आत, आणि बापूजींच्या पाटावर बसवलं. तो पाटाच्या कडेवर असा बसला की जणू खाली इंगळ आहेत. तिनं बापूजींचं ताट त्याच्यापुढं मांडलं आणि वाढलं.

“मोठ्याबाई, मले कायले यात ओढता,” तो हळूच म्हणाला.

“जेव. तुह्या घरची भाकर या घरानं लय दिवस खाल्ली.”

किसनसिंगनं मान खाली घातली आणि लवकर लवकर घास गिळू लागला.

बापूजी मारुतीचं दर्शन घेऊन आले. कपाळाला शेंदूर, अंगात दवाखान्यात जायचा इस्त्रीचा सदरा. दारातच थांबले. आपल्या पाटावर सालदार, समोर दुसरा पाट रिकामा, त्याच्यापुढं ताट नाही, फक्त तो चेपलेला पेला पाण्यानं भरलेला. रजनी पिशवी धरून भिंतीशी उभी. त्यांनी पेल्याकडं पाहिलं, किसनसिंगकडं पाहिलं, आणि त्यांना समजलं.

ते पुष्कळ बोलले. नर्सबाईनं सांगितलं होतं, औषध अंगातून निघतं, जहरासारखं असतं. हातमोजे रजनीनंही घातले. तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही.  शेवटी त्यांचा आवाज बसला.

“मले भेव लागते वं वच्छी. ते भाकरीतून माह्या पोटात जाईन अन् मलेबी होईन, असं वाटते.”

हे खरं होतं. चव्वेचाळीस वर्षांत ते एवढं खरं तिच्याशी कधी बोलले नव्हते. क्षणभर वच्छलाबाईचा हात भाकरीच्या टोपल्याकडं गेला. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. तिनं हात परत घेतला, रुमाल घट्ट केला, रजनीचा खांदा धरून उठली. उंबऱ्यापाशी, त्यांच्या शेजारी आल्यावर थांबली.

“भेव लागते म्हनले असते, तं मी चुलीपासून उठली असती. रजनीच्या हातचं सुखानं खाल्लं असतं तुमी, अन् मीच वाढलं असतं. रजनीनं माह्या तोंडावर हातमोजे घातले अन् माह्या तोंडावर काढले. तुमी माह्या हाताच्या भेवाचा नवस केला, गावाकून पाया पडून घेतलं, अन् मले त्या उपाशी पोटाची दया येऊन मी सुई टोचून घेतली. आज तुमी दवाखान्यात येऊ नोका. मी बरी होईन, तुमच्यासाठी नाई, पन होईन. माह्या आंगातलं जहर दोन दिवसात उतरते, नर्सबाईनं मोजून सांगतलं हाय. तुमचा उपास मातर आता सुटनार नाई. मी जिती हावो तोवर माह्या हातचा घास तुमच्या ताटात पडनार नाई.”